रस्सा आणि फोडी

रस्सा म्हणजे भाजी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि आज ते जरा सविस्तर मांडायचा विचार आहे. हे वाचून आमच्या घरातलंच कुणीतरी म्हणेल, की यांना निवृत्तीनंतर एवढे रिकामे विषय सुचतात तरी कसे! म्हणा बापडे. 34 वर्षं मुलांना मराठी शिकवलं, नेमका शब्द वापरा म्हणून वह्या लाल केल्या. ती खोड आता सत्तरी उलटल्यावर कुठे जायची?

विषय निघाला तो नातीच्या फोनवरून. ती शिकायला बाहेरगावी असते, वसतिगृहात राहते. "आज जेवायला काय होतं गं?" हा माझा ठरलेला प्रश्न. ती म्हणाली, "पनीर होतं, आजी." मला बरं वाटलं. मास्तरणीच्या सवयीने पुढे विचारलं, "किती तुकडे आले वाट्याला?" तर म्हणते, "दोन. पण ग्रेव्ही भरपूर होती!"

आता सांगा मंडळी, त्या दिवशी तिने खाल्लं काय? तिच्या मते पनीर. माझ्या मते रस्सा-पोळी, आणि शकुनाला पनीर. ती हसली आणि म्हणाली, "आजी, तू पण ना..." आणि फोन ठेवला. पण माझ्या डोक्यातून काही ते जाईना.

खरं म्हणजे आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वीच करून ठेवलेला आहे. 'कालवण' हा शब्द घ्या. कालवायचं ते कालवण. त्यात काय घातलंय हे तो शब्द सांगतच नाही, ताटात त्याचं काम काय एवढंच सांगतो. वांग्याचं असो, अंड्याचं असो, माशाचं असो नाहीतर नुसत्या शेंगदाण्याच्या कुटाचं असो, भाकरी कुस्करून त्यात कालवता आली की झालं. आमच्या सातारा-सोलापूरकडे 'कोरड्यास' म्हणतात. "आज कोरड्यास काय केलंय?" म्हणजे कोरड्या भाकरीला ओलं काय आहे? आणि 'तोंडी लावणं' तर सगळ्यांवर कडी! लावायचं, खायचं नव्हे. पोट भरायचं ते भाकरीने, बाकीचं नुसतं तोंडाला लावायला. या तिन्ही शब्दांमध्ये एका गरीब मुलखाचा सगळा हिशेब आहे. जेवण म्हणजे भाकरी. बाकी जे काही आहे ते भाकरी घशाखाली उतरवण्यासाठी.

याच्या उलट 'वाटाण्याची उसळ' म्हटलं की वाटाणे हवेत. 'मटण' म्हटलं की मटण हवं. हे शब्द जिनसेचं नाव घेतात, आणि नाव घेतलं की जिन्नस ताटात दिसला पाहिजे. कालवण म्हणून वाढलं तर कुणाची फसवणूक नाही. उसळ म्हणून वाढलं आणि वाटीत चार वाटाणे पोहत असले, तर ती फसवणूक. तिखट-मीठ कितीही जमलेलं असो.

'कट' या शब्दाची तर गंमतच आहे. होळीला आपण पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवतो आणि वरचं पाणी काढून घेतो, तो कट. आमच्याकडे त्याला येळवणी म्हणतात. ते पाणी फेकून द्यायचं नाही. त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, चमचाभर पुरण घालायचं, वरून कढीपत्त्याची फोडणी, की झाली कटाची आमटी. माझ्या मते मराठी माणसाच्या स्वयंपाकातला हा सगळ्यात हुशार पदार्थ आहे. (पुरणपोळीपेक्षाही, हो! पोळी दुधा-तुपाच्या जिवावर मिरवते, आमटी स्वतःच्या हिमतीवर.) पण लक्षात घ्या, कटाच्या आमटीला आजवर कुणी पुरणपोळी म्हटलेलं नाही. आमटी ओरपून "पुरणपोळी खाल्ली" असं सांगणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

मिसळीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करायला लागलो आहोत. मिसळ म्हणजे मिसळलेलं. मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि हे सगळं ज्यात भिजायचं तो झणझणीत रस्सा. या रश्शाचं नाव गावागावाला बदलतं. कोल्हापुरात कट. पुण्यात सँपल. (नमुना म्हणून थोडा दिला म्हणून सँपल की काय, देव जाणे, पण बादलीभर दिला तरी सँपलच!) नागपूरकडे तर्री, तिथे ती पोह्यांवर पडते, सोबत हरभरे असतात, आणि नाव होतं तर्री-पोहे. आता हे नाव कसं चोख आहे बघा. तर्रीही सांगितली, पोहेही सांगितले. कोल्हापूरची मिसळ ब्रेडच्या स्लाइसबरोबर, मुंबईची पावाबरोबर. नाशिककरांना आपला काळा रस्सा सर्वांत थोर वाटतो. या भांडणात मी पडणार नाही, कारण माझे नातेवाईक या सगळ्या गावांत आहेत.

पण अलीकडे मिसळ खायला गेलं की लोक बोलतात ते तर्रीबद्दलच. तवंग किती, लाल किती, नाकातून पाणी किती आलं. रस्सा हवा तेवढा घ्या, अशी पाटी बाहेर लावलेली असते. आणि तळाशी मटकी? ती शोधावी लागते. मटकी भिजवायला एक रात्र, मोड यायला आणखी एक दिवस. मोडाची मटकी म्हणजे दोन दिवस आधीपासून केलेला विचार आहे, तर तर्री म्हणजे तेल, तिखट आणि पाणी. मला सांगा, दुकानदाराला स्वस्त काय पडत असेल? 'अमर्याद' नेहमी रस्साच का असतो, अमर्याद मटकी का नसते, याचं उत्तर यात आलं.

हॉटेलांतल्या पंजाबी म्हणवणाऱ्या जेवणात तर याचं शास्त्रच झालेलं आहे. सकाळी तीन-चार मोठी पातेली भरून ग्रेव्ह्या करून ठेवायच्या. टोमॅटो, काजू आणि लोण्याची लाल. उकडलेला कांदा, काजू आणि मगज बियांची पांढरी. कांदा-दह्याची पिवळी. तळलेल्या कांद्याची तपकिरी. गिऱ्हाईक आलं की त्यात पनीर टाकलं की पनीर अमुक, वाटाणे टाकले की मटर तमुक. जेवणपत्रिकेवर चाळीस नावं आणि आत पातेली चार. 'व्हेज कोल्हापुरी' हे असंच एक नाव. माझं माहेर कोल्हापूरच्या बाजूचं, पण हा पदार्थ आमच्या कुठल्याही घरात मी शिजलेला पाहिला नाही! लाल आणि तिखट म्हणजे कोल्हापुरी, एवढीच त्या नावाची पुंजी.

फ्रेंच लोकांचा स्वयंपाकही असाच चालतो म्हणे, असं आमच्या भाच्याने मला ऐकवलं. तो तिकडे राहतो आणि हल्ली स्वतः रांधतो. एस्कॉफिए नावाच्या त्यांच्या थोर आचाऱ्याने 1903 साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात आधी मूळ सॉस आणि मग त्यांच्यापासून निघालेल्या सॉसांची सगळी पिलावळ दिलेली आहे. ठीक आहे. पण त्यांच्यात सॉस वेगळा शिजतो, त्याला वेगळं नाव असतं आणि तो मासळीवर किंवा मांसावर वरून येतो. ताटात मासळी मासळीच्या जागी दिसते. आपल्यात रस्सा निघतो तोच मुळी जिनसेतून. वांगं शिजताना त्याचं वांगेपण पाण्यात उतरतं, म्हणून त्या पाण्याला वांग्याचा रस्सा म्हणायचं. वांगं शिजलंच नाही तर तो रस्सा कुणाचा? कुणाचाच नाही. चार पातेल्यांतली ग्रेव्ही अशी कुणाचीच नसते, आणि हेच माझं तिच्याशी भांडण आहे.

बटर चिकनचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. 2024 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात खटला गेला, की हा पदार्थ पहिल्यांदा केला कुणी? एका बाजूला मोती महल, दुसऱ्या बाजूला दर्यागंज नावाचं हॉटेल. दोघांची मुळं त्या जुन्या दर्यागंजातल्या मोती महलमध्येच, फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींकडे जातात. सांगतात ती गोष्ट अशी, की तंदुरी कोंबडी उरली की वाळून जायची, म्हणून ती टोमॅटो-लोण्याच्या रश्शात टाकली. मला कायदा कळत नाही, पण माझ्यासारख्या मास्तरणीला प्रश्न पडतो, की हा शोध कशाचा? कोंबडीचा तर नव्हे, ती आधीच भाजून तयार होती. शोध रश्शाचा! आज तोच रस्सा पनीरवर घालून लोक पनीर मखनी म्हणून खातात आणि कोंबडीची कुणाला आठवणही येत नाही. म्हणजे खटला रश्शासाठी आणि नाव मात्र कोंबडीचं. असो.

आता मी रश्शाची दुष्मन आहे असं समजू नका. कोल्हापूरच्या बाजूच्या मुलीने रश्शाला नावं ठेवली तर तिला माहेरी पाय ठेवू देणार नाहीत. आमच्याकडे मटण करतात ते कसं, सांगते. आधी मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते भरपूर पाण्यात शिजवायचं. ते जे पाणी निघतं ते अळणी. मीठ असूनही अळणी, कारण तिखट नाही! हे अळणी घरातल्या लहान पोरांना, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला वाटीभर द्यायचं. मग त्याच पाण्याचे दोन भाग. एकात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण आणि खडा मसाला घालून पांढरा रस्सा. दुसऱ्यात कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. आणि मटणाच्या फोडी वेगळ्या काढून त्यांचं सुकं. एकाच मटणाच्या तीन गोष्टी, तिघींना तीन नावं, ताटात तीन जागा. कुणाला शंका नको की रस्सा कुठला आणि मटण कुठलं. खानावळीतसुद्धा रस्सा पुन्हा पुन्हा मागा, वाढतात, पण सुक्याची प्लेट मोजून. मिसळीच्या अमर्याद पाटीवर मी टीका केली, पण या खानावळवाल्यावर करणार नाही. तो मटणाचे पैसे मटणाला घेतो आणि रस्सा रस्सा म्हणूनच देतो.

आमची आई रश्शाची पक्की होती. आम्ही घरात अकरा माणसं. मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही किलोभर. किलोभर मटणात अकरा माणसं आणि वर कुणीतरी पाहुणा आलेलाच. आई खोबरं काळपट होईस्तोवर भाजायची, वाटणात मूठभर शेंगदाणे घालायची, आणि पातेलं काठोकाठ भरायची. पाणी वाढवलं तरी रस्सा फिका वाटायचा नाही, हे तिचं कसब. पातेलं उतरलं की गल्लीत वास. त्या रश्शावर आम्ही दोन-दोन भाकऱ्या जास्त खायचो. हे कसब नसतं तर त्या काळातल्या घरांत सणाला सण म्हणता आलं नसतं, आणि ते बायकांनी बायकांना शिकवत इथवर आणलं. कुठल्याही ग्रंथात ते लिहिलेलं नाही.

पण त्या पातेल्याचं वाढप कसं व्हायचं, तेही सांगायला हवं. पहिली पंगत पुरुषांची. वडील, काका, पाहुणे, मोठे भाऊ. वगराळं तळातून यायचं. (वगराळं म्हणजे रस्सा वाढायची खोल पळी, शहरातल्या नातवंडांसाठी सांगते.) तळातून आलं की फोडी येतात, नळी येते. दुसरी पंगत पोरांची. त्यातही मुलगा असेल तर वगराळं जरा खोल जायचं. शेवटी आई, काकू, आजी आणि आम्ही मोठ्या मुली. तोवर तळाशी उरायचा रस्सा, आणि एखादी हाडाची फोड, जी चौघीजणी एकमेकींच्या ताटात टाकत राहायच्या. "तू घे." "नको, तू घे. मला दाताने होत नाही." मी आजीला विचारलं होतं, आपल्याला फोडी का नाहीत? आजी म्हणाली, "अगं, फोडींचा सगळा कस रश्शात उतरतो. फोड म्हणजे नुसता चोथा. आपण कस खातो, ते चोथा खातात."

केवढी हुशार होती माझी आजी! तिने ते वाक्य हसत हसत सांगितलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी ते खरं धरलं. पुढे शास्त्राच्या बाईंशी बोलताना समजलं, की रश्शात उतरतं ते मीठ, मसाला, चरबी, हाडांतला चिकटपणा आणि वास. मांसातली प्रथिनं आणि लोह बरंचसं त्या 'चोथ्या'तच राहतं. डाळीचंही तेच. वरचं पाणी चवीला छान, पण ताकद तळाशी. आजीला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. चार पोरांना आणि दोन सुनांना घेऊन बसलेल्या बाईला वाट्याला न आलेल्या फोडींबद्दल काहीतरी बरं बोलणं भाग होतं, म्हणून ती बोलली.

हे फक्त आमच्या घरचं नव्हतं, हे वाचणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं निघालं. याला एकटा रस्सा जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. कारणं पुष्कळ आहेत, पंगतीचा क्रम त्यांतलं एक. पण आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो आईच्या ताटातला लालभडक रस्सा. तवंग होता, वास होता, आणि ढवळलं तर आत काही नव्हतं.

शाळेत हाच प्रश्न पुन्हा समोर आला, तो 2007 साली. पोषण आहाराची खिचडी सुरू होऊन तोवर काही वर्षं झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या नोव्हेंबरात आदेश दिला, की मुलांना कोरडं धान्य नको, शाळेत शिजवून जेवण द्या, त्यानंतरची ही गोष्ट. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ असं प्रमाण होतं. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. हा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतला होता. 100 ग्रॅम डाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 20 ग्रॅममध्ये साडेचारच्या आत. बाकीची सातेक ग्रॅम तांदळातून. पोरांना गंमत वाटली, की आपल्या ताटाचंही गणित होतं!

आमच्याकडे त्या वर्गांत 140 मुलं होती. म्हणजे आमटी-भाताच्या दिवशी आमटीत 2 किलो 800 ग्रॅम डाळ हवी. पण आमटी बघावी तर हळदीचं पाणी. फोडणी उत्तम, कोथिंबीर वरून पेरलेली, तवंगही होता. मुलं मिटक्या मारत भातावर ओतून घेत होती. शाळेत चवीचं रजिस्टर असायचं. शिक्षकांपैकी कुणीतरी आधी घास खाऊन शेरा लिहायचा. त्या रजिस्टरात पानंच्या पानं 'चव चांगली' असंच लिहिलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. चव चांगलीच होती! स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाताला चव होती. मी माझ्या पाळीच्या दिवशी लिहिलं, 'चव चांगली. डाळ दिसत नाही.' मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि म्हणाले, "बाई, रकाना चवीचा आहे. तेवढंच लिहा ना."

मी स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, मला जेवढी काढून देतात तेवढी मी टाकते. कमी पडली म्हणून पाणी वाढवते. पोरं उपाशी कशी ठेवू?" त्यांच्या बोलण्यात मला माझी आई दिसली. तेच कसब, पण इथे ते कुणाच्या तरी सोयीचं झालेलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या वाण्याकडून तराजू आणला आणि डाळ पातेल्यात पडण्याआधी मुलांसमोर तोलली. दीड किलोच्या आत भरली. बाकीची कुठे जात होती, यावर तीन बैठका झाल्या आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मी एवढंच मागितलं, की डाळ रोज मुलांसमोर तोलायची आणि आमटी ढवळून वाढायची. तोलणं सुरू झालं. माझी निवृत्ती 2009 ची, तोवर तरी चालू होतं, आणि आमटी पिवळी आणि दाट झाली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या योजनेचं नाव 2021 साली बदलून पीएम पोषण झालं. नावाचं मला काही नाही. वगराळं कुठून येतं ते मी बघते.

तेव्हा एका मुलाने विचारलेलं आठवतं, "बाई, आज आमटी वेगळी का लागते?" मी म्हटलं, "आज आमटी आहे म्हणून."

या सगळ्यामुळे, मंडळी, 'ग्रेव्ही भरपूर होती' हे वाक्य मला साधं वाटत नाही. नातीला मी आता सांगितलंय, की मला पदार्थाचं नाव सांगू नकोस, वाटीत काय होतं ते सांग. ती आता फोनवर तसं सांगते. "आजी, राजमा. बावीस दाणे." कधी मोजून सांगते, कधी माझी फिरकी घेते, पण मेसच्या समितीत तिने नाव दिलं आहे आणि उसळीच्या दिवशी कडधान्य किती किलो भिजवतात हे लिहून लावायची मागणी केली आहे. तिच्या मैत्रिणी तिला 'दाणेवाली' म्हणतात म्हणे.

आणि एक गोष्ट आमच्या भावकीतल्या वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम. चैत्रात गावची जत्रा आहे. नेहमीप्रमाणे बोकड पडेल, चुलवणावर मोठी पातेली चढतील, दीडशे माणूस जेवेल. सुनांनो, लेकींनो, पहाटे चारपासून तुम्ही वाटण वाटणार आणि दुपारी साडेतीनला शेवटच्या पंगतीत रस्सा ओरपणार, हे मी पन्नास वर्षं बघते आहे. या वेळी पहिली पंगत बायकांची आणि मुलींची बसवावी, आणि वाढायला पुरुषांनी उभं राहावं, असं मी धाकट्या दिरांना कळवलं आहे. देवाच्या मानाचं ताट आधी जाईल, त्याला माझी हरकत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना रस्सा कमी पडणार नाही, तेवढं मी बघते.

भाऊजींचं उत्तर अजून आलेलं नाही. "बघू" म्हणाले आहेत.